शिवणीची माया
गोधडीचे तुकडे किती मापाचे कापावेत?



"सर, हे गणित पुढे कोठे उपयोगी पडणार?" असा प्रश्न प्रतिवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी मला विचारतोच. त्याचे उत्तर मी आजवर दुकानदाराच्या हिशेबातून, शेताच्या मोजणीतून किंवा पतपेढीच्या व्याजातून देत आलो. गतवर्षी मात्र ते उत्तर एका गोधडीने दिले. आणि ते देताना माझी चूकही माझ्या पदरात घातली. ती चूक झाकून ठेवण्यापेक्षा तिचाच पाठ करून आपल्यापुढे मांडावा, हे शिक्षकास अधिक शोभते असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

हकिकत अशी. शाळेचे वृद्ध पहारेकरी नाताळच्या सुट्टीपूर्वी सेवेतून निवृत्त होणार होते. मुले त्यांना 'बाबा' म्हणत. नववीच्या वर्गाने त्यांना आपल्या हातची गोधडी द्यावयाचे ठरविले. नागपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. परंतु येथील थंडीही काही लहान नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजी या शहरातील किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा रात्री ज्याने फाटकाशी बसून काढल्या, त्याला पांघरूण देण्याहून अधिक योग्य भेट कोणती? मुलांनी घरोघरच्या जुन्या साड्या व धोतरे आणली, शिंप्यांकडून कातरण मागून आणले. शिवणकामाच्या बाईंनी शिवणीचा भार उचलला, आणि कापडाच्या मापाचा हिशेब तेवढा माझ्यावर सोपविला.

मी फळ्यावर उदाहरण घातले. गोधडी ४८ इंच रुंद व ७२ इंच लांब हवी. तुकडे ६ इंचांचे चौरस. रुंदीत ८, लांबीत १२, एकूण ९६ तुकडे. ८ गुणिले ६ बरोबर ४८. १२ गुणिले ६ बरोबर ७२. मुलांनी माना डोलाविल्या, आणि ६ इंचांचे ९६ चौरस मोठ्या काळजीने कापले गेले.

गोधडी तयार झाली तेव्हा सुट्टीला एकच दिवस उरला होता. ती कोणी मोजली नाही. बाबांनी ती डोळ्यांना लावली, मुलांच्या डोक्यांवरून हात फिरविला आणि ते घरी गेले. जानेवारीत दोन मुले त्यांच्या भेटीस गेली, तेव्हा बाबा गोधडी पांघरून निजलेले होते आणि पायांवर गोणपाट घेतलेले होते. बाबा उंच, जवळजवळ सहा फुटांचे. आणि गोधडी भरली ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण मुलांना शिकवितो. पण पाय पाहून पांघरूण बेतावे, हे मला साधले नव्हते. बाबांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, ही गोष्ट मला अधिक लागली.

सहा इंच गेले कोठे?

मुलांनी गोधडी परत आणली आणि आम्ही ती वर्गात पसरून मोजली. रुंदी ४४ इंच, लांबी ६६ इंच. रुंदीत ४ इंच कमी, लांबीत ६ इंच कमी. माझा गुणाकार तर चुकलेला नव्हता. वर्ग बराच वेळ स्तब्ध होता. तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. गणितात तो फार पुढे आहे असे कोणी म्हणत नसे. त्याचे वडील आरामशीनवर काम करतात. तो म्हणाला, "सर, आरा लाकूड खातो. तशी शिवण कापड खात असेल."

लकडगंज हे नावच लाकडावरून पडले आहे. ज्या वस्तीत रात्रंदिवस फळ्या कापल्या जातात, तिच्या शेजारी बसून मला ही गोष्ट सुचू नये, याचे मला आश्चर्य वाटले. फळी कापताना आऱ्याच्या पात्याच्या जाडीइतके लाकूड भुसा होऊन खाली पडते. पाते एक अष्टमांश इंचाची वाट काढीत असेल, आणि ७२ इंचांच्या फळीचे १२ तुकडे करावयाचे असतील, तर ११ काप द्यावे लागतील आणि ११ अष्टमांश, म्हणजे जवळजवळ दीड इंच लाकूड भुशात जाईल. जो सुतार प्रत्येक तुकडा पुरा ६ इंचांचा मिळेल असे गृहीत धरील, त्याचा शेवटचा तुकडा आखूड पडेल.

शिवणीचे तसेच आहे. दोन तुकडे जोडताना प्रत्येकाची पाव इंच कड आत दुमडली जाते. म्हणजे एका शिवणीस अर्धा इंच कापड लागते. लांबीत १२ तुकडे, म्हणून ११ शिवणी. ११ गुणिले अर्धा, म्हणजे साडेपाच इंच. शिवाय वरच्या व खालच्या कडेचा पाव पाव इंच गोटाखाली जातो, तो अर्धा इंच. एकूण ६ इंच. रुंदीत ७ शिवणींचे साडेतीन आणि कडांचा अर्धा मिळून ४ इंच. हिशेब तंतोतंत जुळला. चूक गुणाकारात नव्हती. जे दिसत नाही ते मोजले नव्हते, ही ती चूक.

'माया' म्हणजे काय?

शिवणीकरिता जे जादा कापड सोडावयाचे, त्याला आपल्याकडील शिंपी 'माया' म्हणतात. मुलाच्या सदऱ्यात शिंपी माया ठेवतो, ती बाहेरून दिसत नाही. परंतु मूल वाढले म्हणजे तीच उपयोगी पडते. याहून समर्पक शब्द मला तरी ठाऊक नाही. तेव्हा पहिला नियम असा:

कापावयाचे माप = तयार तुकड्याचे माप + दोन्ही कडांची माया.

माया पाव इंच धरली, तर चौरसाच्या वा आयताच्या प्रत्येक मापात अर्धा इंच मिळवावा. तयार ६ इंच हवा, तर साडेसहा इंच कापावा. तयार ४ गुणिले ६ इंचांचा आयत हवा, तर साडेचार गुणिले साडेसहा कापावा. जाड कापड हाताने शिवावयाचे असून माया अर्धा इंच ठेवली, तर प्रत्येक मापात एक इंच मिळवावा. कड उसवते असे विरळ कापड असल्यास माया कधीही कमी करू नये.

आजीला हे गणित का लागले नाही?

येथे कोणी पालक म्हणतील की, आमच्या आजीने जन्मभर गोधड्या शिवल्या, तिने कधी फूटपट्टी हाती घेतली नाही. हे खरे आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपली गोधडी, जिला कित्येक भागांत वाकळ आणि कर्नाटकाच्या सीमेकडे कौदी म्हणतात, ती थरांवर थर अंथरून केली जाते. खाली अखंड लुगडे वा धोतर असते. त्यावर चिंधी ठेवावयाची, तिची कड आत मुडपावयाची आणि धावदोऱ्याने ती खालच्या थरांनाच शिवून टाकावयाची. चिंधी लहान पडली तर शेजारची थोडी पुढे ओढावी; मोठी झाली तर अधिक मुडपावी. गोधडीचे माप खालच्या लुगड्याने ठरते, चिंध्यांनी नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची 'कवंडी' अशीच कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत शिवीत नेतात.

आम्ही मात्र आधी तुकड्याला तुकडा जोडून वरचे पूर्ण कापड तयार केले आणि नंतर ते थरांवर घातले. या रीतीत माप ठरविणारे खालचे कापड नसते. तुकडेच एकमेकांचे माप ठरवितात. म्हणून येथे आगाऊ गणित अवश्य आहे. आजीचा हिशेब तिच्या बोटांत होता. आमचा तो कागदावर तरी असावयास हवा होता.

कापड किती आणावे?

आता समजा, चिंध्या न जमविता इतवारी-गांधीबागेच्या बाजारातून नवे कापड आणावयाचे आहे. गोधडी तीच, ४८ गुणिले ७२. तयार चौरस ६ इंचांचे. कापडाचा पन्हा ४४ इंच. दोन्ही काठ व थोडा आटा वजा जाता ४२ इंच उपयोगी धरू.

घाई करणारा विद्यार्थी क्षेत्रफळ काढील: ४८ गुणिले ७२ बरोबर ३,४५६ चौरस इंच, भागिले ४२, उत्तर सुमारे ८२ इंच. हे उत्तर फसवे आहे. खरी रीत अशी:

पहिली पायरी. कापावयाचा चौरस ६.५ इंच. ४२ भागिले ६.५ म्हणजे ६ तुकडे, आणि ३ इंच पट्टी उरते. अपुरा तुकडा मोजावयाचा नाही.

दुसरी पायरी. ९६ भागिले ६ म्हणजे १६ ओळी.

तिसरी पायरी. १६ गुणिले ६.५ म्हणजे १०४ इंच. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून सुमारे २६४ सेंटिमीटर.

क्षेत्रफळाच्या रीतीहून हे सुमारे २२ इंच अधिक आहे. त्यातील काही भाग मायेत जातो, आणि काही त्या ३ इंचांच्या उरलेल्या पट्टीत.

चौथी पायरी आटण्याची. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. शंभरात तीन आटेल असे धरले, तर १०४ भागिले ०.९७ म्हणजे सुमारे १०७ इंच, अर्थात २७२ सेंटिमीटर. तेव्हा पावणेतीन मीटर कापड आणावे, ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास लावू नये, नाहीतर फाटलेले अधिकच फाटते, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकलेला आहे. तो सांगणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यांस न आटलेल्या कापडाचा गुण चांगलाच ठाऊक होता. कोरे व जुने कापड एकाच गोधडीत घालणाऱ्याने तो शब्दशः पाळावा.

येथे थोडा विचार केला तर काटकसरही होते. तयार चौरस ६ ऐवजी साडेसहा इंचांचा धरा. कापावयाचा तुकडा ७ इंच. ४२ इंचांत बरोबर ६ बसतात, चिंधीही वाया जात नाही. रुंदीत ८ व लांबीत ११ असे ८८ तुकडे घेतले, तर १५ ओळी, म्हणजे १०५ इंच कापड लागते. आणि गोधडी होते ५२ गुणिले ७१.५ इंचांची. केवळ एक इंच जादा कापडात चार इंच अधिक रुंदी मिळाली; अर्धा इंच लांबी तेवढी कमी झाली. शिवाय तुकडे आणि शिवणीही कमी झाल्या. तुकड्याचे माप ठरविण्यापूर्वी पन्ह्यास भागून पाहावे, तो याकरिता.

त्रिकोणाचा हिशेब

चौरसाला अर्धा इंच पुरतो, म्हणून त्रिकोणालाही पुरेल असे मानणे ही दुसरी सामान्य चूक. दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून एक चौरस करावयाचा असेल, तर एक मोठा चौरस कापून तो कर्णावर दुभागतात. तयार त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू ६ इंच हव्या असतील, तर तो चौरस केवढा असावा?

काटकोनाच्या टोकाशी पाव इंच वाढतो. दुसऱ्या टोकाशी मात्र दोन गोष्टी घडतात. खालची कड पाव इंच खाली सरकते. कर्ण ४५ अंशांत उतरत असल्यामुळे तो तिला आणखी पाव इंच पुढे मिळतो. त्यातच कर्णही पाव इंच बाहेर सरकतो. हे सरकणे बाजूवर मोजले तर पाव इंचाच्या १.४१४ पट, म्हणजे ०.३५४ इंच भरते. तिन्हींची बेरीज ०.२५ + ०.२५ + ०.३५४ = ०.८५४ इंच. फूटपट्टीवर त्याच्या जवळची पुढची खूण सात अष्टमांशाची, म्हणजे ०.८७५ इंच. तेव्हा दुसरा नियम:

अर्ध-चौरस त्रिकोणासाठी तयार मापात सात अष्टमांश इंच मिळवावा.

६ इंचांसाठी ६ पूर्णांक ७/८ इंचांचा चौरस कापून कर्णावर दुभागावा. दोन त्रिकोण मिळतील. तोच चौरस दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करावयाचे असतील, तर त्रिकोणाच्या तयार लांब बाजूत सव्वा इंच मिळवून चौरस कापावा, कारण ०.८५४ ची १.४१४ पट म्हणजे १.२०७, आणि त्याच्या जवळची पुढची खूण सव्वा इंचाची. गोधडीच्या बाहेरच्या कडेस हेच त्रिकोण योजावेत. त्यांची लांब बाजू कापडाच्या सरळ धाग्यावर येते; उरेब कड ताणून कडा वाकड्या होत नाहीत. ध्यानात असू द्यावे की, सात अष्टमांश व सव्वा ही मापे पाव इंच मायेचीच आहेत. माया दुप्पट केली, तर ही वाढही दुप्पट होते.

हाताची परीक्षा

कागदावरचा हिशेब बरोबर असून हात चुकत असेल, तरीही गोधडी आखूडच पडेल. प्रत्येक कडेस माया एक षोडशांश इंच अधिक गेली, तर एका शिवणीस एक अष्टमांश इंच जातो. ११ शिवणींत जवळजवळ दीड इंच. आऱ्याच्या उदाहरणातील तेच ११ आणि तोच अष्टमांश! म्हणून आरंभी परीक्षा घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडाव्यात. जोडलेले कापड बरोबर साडेतीन इंच भरले, तर पाव इंच माया नेमकी जात आहे. कमी भरले, तर शिवण आत सरकली आहे. जास्त भरले, तर कडेशी गेली आहे.

काटकोन तपासण्यास सुताराचा गुण्या उत्तम. आणि सर्व थर एकत्र घालून दाट धावदोरा घातला की गोधडी थोडी आकसते, हेही विसरू नये. माप जेमतेम न ठेवता थोडे सढळ ठेवावे. गोटाच्या पट्ट्यांनाही हाच न्याय. ४८ गुणिले ७२ च्या गोधडीचा घेर २४० इंच. कोपरे व शेवटचा जोड यांसाठी १२ इंच धरून २५२. ४२ इंचांच्या सहा पट्ट्या बरोबर पुरतात असे दिसते. परंतु पट्ट्या एकमेकींस जोडण्यातही शिवण कापड खाणारच. म्हणून सात कापाव्यात.

चुकीची दुरुस्ती

आमच्या गोधडीचे पुढे काय झाले? आम्ही गोट उसविला. आता वरचे कापड कच्च्या कडांसह ४४.५ गुणिले ६६.५ इंच होते. रुंदीत ४ इंच वाढवावयाचे, म्हणजे प्रत्येक बाजूस तयार २ इंच. पट्टी कापली अडीच इंच रुंद आणि ६६.५ इंच लांब. लांबीत ६ इंच वाढवावयाचे, म्हणजे वर व खाली तयार ३ इंच. पट्टी कापली साडेतीन इंच रुंद आणि ४८.५ इंच लांब. पट्ट्यांखाली जुन्या धोतराचे थर भरले, पुन्हा गोट लावला. या वेळी मुलांनी प्रथम मोजले आणि नंतर घडी घातली: ४८ आणि ७२. फळ्यावर हे गणित मांडण्याचे काम मागच्या बाकावरच्या त्याच विद्यार्थ्याने केले.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या नागपुरात सुरू झाली, आणि कापडाच्या धंद्यावर येथील कित्येक पिढ्या जगल्या. ती गिरणी आज चालू नाही. परंतु कापडाचा तुकडा वाया घालवू नये, ही शिकवण घराघरांत उरली आहे. याच विदर्भात जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागवून लोकांना स्वच्छता व काटकसर शिकविली. यापो नगरातील टबीथा ऊर्फ दुर्कस हिच्या मृत्यूनंतर विधवांनी तिने शिवलेली वस्त्रे रडत रडत दाखविली, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. तिने केलेल्या दयेची साक्ष त्या वस्त्रांनीच दिली. दुसऱ्यासाठी शिवलेले वस्त्र त्याच्या अंगाला पुरले पाहिजे. केवळ सद्हेतूने पाय झाकत नाहीत, त्याला माप लागते.

सरावासाठी उदाहरणे

(१) तान्ह्या मुलासाठी ३६ गुणिले ४५ इंचांची दुपटी-गोधडी साडेचार इंचांच्या तयार चौरसांची करावयाची आहे. माया पाव इंच, उपयोगी पन्हा ४२ इंच. कापड किती लागेल? (उत्तर: ८० तुकडे, ५० इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर.)

(२) दोन रंगांच्या त्रिकोणांचे ५ इंचांचे ४० तयार चौरस हवेत. प्रत्येक रंगाचे किती कापड आणावे? (उत्तर: ५ पूर्णांक ७/८ इंचांचे २० चौरस, तीन ओळी, १७ पूर्णांक ५/८ इंच.)

(३) माया अर्धा इंच ठेवल्यास अर्ध-चौरस त्रिकोणासाठी तयार मापात किती मिळवावे? (उत्तर: पावणेदोन इंच.)

ही उदाहरणे मुलांनी घरी आई-आजीस शेजारी बसवून सोडवावीत. एकीला सूत्र ठाऊक नसेल, पण कापड ठाऊक आहे. दुसऱ्याला सूत्र ठाऊक असेल, पण सुईत दोरा ओवता येत नाही. दोघांनी मिळून एक गोधडी शिवली, तर ती कोणाच्या तरी पायांपर्यंत निश्चित पोहोचेल. बाबांचे पाय या हिवाळ्यात झाकलेले आहेत. गोणपाट त्यांनी अंगणात पायपुसणे म्हणून टाकले आहे, असे मुले सांगतात.